एक किलो चिंध्या ऑनलाइन मागवल्या, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

तर ऑनलाइन 'मिक्स्ड कॉटन स्क्रॅप्स, १ किलो' अशा नावाच्या पिशव्या मिळतात, कपडे शिवणाऱ्या युनिटमधे कटिंग टेबलावर जे उरतं ते गोळा करून विकतात, त्यातली एक मी घेतली, वापरली, बरीचशी संपवलीसुद्धा, म्हणून आता लिहितेय. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही कारण असे विकणारे ढीगभर आहेत आणि माल थोड्याफार फरकाने सारखाच, आज एकाकडचा चांगला निघाला म्हणून पुढच्या वेळी निघेलच असं काही नाही. रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, आणि त्याला कारण आहे, उगाच नाही कापला.

कशासाठी घेतली हे आधी सांगायला हवं, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मी इम्प्रोव्ह शिवते. म्हणजे पॅटर्न नाही, आधी काढलेलं चित्र नाही, मोजून कापलेले चौकोन नाहीत, हाताला येतील ते दोन तुकडे जोडायचे, इस्त्री फिरवायची, जरा लांब धरून बघायचं, मग तिसरा कुठला ते ठरवायचं. तुम्हाला टोकाला टोक जुळवून चांदण्यांची गोधडी करायची असेल तर ही पिशवी घेऊच नका, वैतागाल आणि मला शिव्या घालाल. शर्ट, झबलं, पिशवीचं अस्तर वगैरे काही 'वस्तू' करायचीय म्हणून घेणार असाल तरी नको, सलग एवढं मोठं कापड यात निघत नाही.

पॅकिंग ठीक, पिशवी फाटलेली नव्हती, वजन भरलं. पुढे.

ओतल्यावर पहिला विचार हाच येतो की याला शेंडा ना बुडखा. सगळं कोंबलेलं, चुरगळलेलं, काही तुकडे तळहाताएवढे, काही बोटभर रुंद पण हातभर लांब, काही तर नुसती धाग्यांची गुंतवळ. निवडत बसल्यावर जे दिसलं ते असं की सगळ्यात जास्त मुंढ्याच्या आणि गळ्याच्या कापातून पडलेले तुकडे, म्हणजे एक कड सरळ आणि एक कड वळणदार. मग काठाच्या पट्ट्या, ज्यांच्यावर मिलवाले छपाईत वापरलेल्या प्रत्येक रंगाचा एकेक गोल ठिपका छापतात, त्या मला जाम आवडतात आणि लोक फेकून का देतात कळत नाही. मग कॉलरच्या आणि खांद्याच्या कापातले लांबुडके त्रिकोण. काहींवर खडूच्या खुणा, कुठे मापाचा आकडा, कुठे नुसती बाणाची रेघ. आणि एका गडद निळ्या तुकड्यावर चक्क एक काज, झिगझॅग टीप पूर्ण मारलेली पण मधे चीर दिलेली नाही, बहुतेक मशीनचं सेटिंग तपासायला कुणीतरी मारून बघितलं असावं आणि तुकडा ढिगात टाकून दिला असावा.

हा काजवाला तुकडा बघितला आणि पैसे वसूल झाले असं मला तरी वाटलं.

आता याच कामासाठी बाजारात दुसरं काय मिळतं तर प्री-कट, म्हणजे आधीच मापात कापून विकलेलं कापड. चार्म पॅक म्हणजे ५ इंची चौकोनांची गड्डी, अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी असते, फॅट क्वार्टर म्हणजे साधारण १८ बाय २२ इंचाचा तुकडा. सगळे एकाच कलेक्शनमधले, रंग एकमेकांशी आधीच जुळवून दिलेले, कडा अगदी सरळ. मी तेही वापरलेत. माल उत्तम असतो, वादच नाही. पण त्यात इम्प्रोव्ह करायला बसलं की हात चालत नाही, कारण सगळंच सगळ्याला जुळतं, कशाला काय लावू याचं उत्तर 'काहीही' असतं आणि 'काहीही' म्हटलं की मी तासभर नुसती तुकडे हलवत बसते. शिवाय ते इतकं नीटनेटकं कापलेलं असतं की त्यात आडवी कात्री घालायला जीव होत नाही. चिंध्यांमधे ती भीडच नाही. आकार कुणीतरी आधीच ठरवून टाकलेला आहे, तोही दुसऱ्याच कुठल्या तरी कारणासाठी, रंग माझ्या आवडीचे नाहीत, आणि मला फक्त एवढंच बघायचंय की हा वाकडा तुकडा त्या वाकड्याला कुठल्या कडेने चिकटेल. माझ्यासारखीला जी दुकानात गेली की प्रत्येक वेळी तोच निळा आणि तोच राखाडी उचलते तिला हे फार गरजेचं होतं. या पिशवीत एक शेवाळी-पोपटी चेक्स होता, मी जन्मात घेतला नसता, आणि आता जे काही शिवून झालंय त्यातलं जे जे उठून दिसतं त्यात कुठेतरी तो आहेच.

एक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला गोधडीचा एक सुटा भाग, कसा झाला ते सांगते म्हणजे कल्पना येईल. काजवाला निळा मधे घेतला, आकार ओबडधोबड, चार बाजू पण एकही काटकोन नाही. त्याच्या लांब कडेला मोहरीच्या रंगाची एक पट्टी लावली. टीप मारली, इस्त्री केली, पट्टी दोन बोटं लांब होती ती बाहेर लोंबत होती, कापली, आणि तोच कापलेला बिट्टू तुकडा समोरच्या बाजूला लावला. तो आता पूर्ण कडेला पुरेना, तर त्याला आधी एक लाल ठिपक्यांचा तुकडा जोडून लांबवला. मग तिसऱ्या बाजूला मुंढ्याचा तुकडा, त्याची वळणदार कड कात्रीने तिरकी सरळ करून टाकली, आणि तिथे मजा झाली, कारण त्या तिरक्या कडेमुळे पूर्ण ब्लॉकच एका अंगावर कलंडला, काज जे आडवं होतं ते तिरपं झालं. मला ते आवडलं म्हणून पुढची पट्टी आणखी तिरकी कापली. चौथ्या बाजूला प्लेन करडा, जरा रुंद, डोळ्याला विसावा म्हणून. झाला ब्लॉक. यात मी पट्टीने एकदाही काही मोजलं नाही. कुणी विचारलं की हे डिझाइन तुला सुचलं कसं तर खरं उत्तर असं की पट्टी दोन बोटं जास्त लांब होती.

हे असं मधल्या तुकड्याभोवती फिरत फिरत पट्ट्या लावत जाणं म्हणजे लॉग केबिन नावाच्या गोधडीतल्या मांडणीचंच मोकळं रूप, नवीन लोकांनी यापासूनच सुरुवात करावी. दुसरा सोपा प्रकार म्हणजे बारीक लांब पट्ट्या एकाला एक लावून आधी एक लांबरुंद 'कापड' करून घ्यायचं आणि मग ते नवीन कापड असल्यासारखं बिनधास्त कापायचं, आडवं, तिरकं, कसंही, आणि परत जोडायचं. यात एक तांत्रिक गोष्ट मात्र पाळा, टाक्याची लांबी कमी करा. मशीनवर सहसा अडीच मिलिमीटरवर असते ती दोनवर आणा. कारण आपण टिपेवरूनच आडवं कापणार असतो, टाका मोठा असेल तर कापलेल्या टोकाला टीप उसवायला लागते आणि हातात तुकडे सुटे होऊन येतात. दोनवर ठेवली की बऱ्यापैकी धरून राहते. तोटा एवढाच की उसवायचं म्हटलं तर नाकी नऊ येतात, पण इम्प्रोव्हमधे उसवायचं कशाला, नाही आवडलं तर तेवढा भाग कापून टाका, तो परत चिंध्यांच्या ढिगात.

आता वजनाच्या हिशोबाबद्दल, कारण विकणारे किलोवर विकतात आणि आपण डोक्यात कापड मीटरमधे धरतो. गोधडीला वापरतात तसं मध्यम जाडीचं सुती कापड चौरस मीटरला साधारण १४० ते १५० ग्रॅम भरतं, म्हणजे एका किलोत कागदावर ७ चौरस मीटरच्या आसपास कापड आलं. ऐकायला भरपूर वाटतं. पण चिंध्यांमधे खरी गळती शिवणीत होते. पाव इंच शिवण सोडायची म्हटली तर ४ इंची चौकोन शिवल्यावर साडेतीन इंची दिसतो, क्षेत्रफळाने बघितलं तर १६ चे सव्वाबारा राहिले, म्हणजे सुमारे २३ टक्के शिवणीत गेलं. २ इंची चौकोनाचा दीड इंच उरतो, ४ चे सव्वादोन, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के गायब. आणि १ इंची तुकडा? अर्धा इंच दिसतो, पाऊण कापड आत दडलं. त्यामुळे 'एक किलोत एवढी मोठी गोधडी होते' असे फोटो लिस्टिंगला लावलेले असतात त्यावर फार जाऊ नका, तुमचे तुकडे किती मोठे निघाले यावर सगळं आहे. माझ्या पिशवीत बारीक तुकड्यांचं प्रमाण बरंच होतं. मला चालतं, पण मोठ्या पांघरुणाच्या हिशोबाने घेणाऱ्याने दोन पिशव्या धरून चालावं.

आणि बारीक तुकड्यांचा अजून एक त्रास असतो, मागच्या बाजूला शिवणींचे थर बसतात. चार शिवणी एका ठिकाणी आल्या की सुई अडखळते, कधी मोडतेसुद्धा. मी अशा ठिकाणी शिवण एका अंगाला न झुकवता उघडून दोन्हीकडे दाबते, इस्त्रीने नाही तर नखाने आधी, मग इस्त्री. सुई ९० नंबरची लावली की बरं पडतं, ८० ची नाजूक पडते या ठिकाणी.

बरं, आता स्टार कापण्याचं कारण. लिस्टिंगवर ठळक अक्षरात शंभर टक्के कॉटन लिहिलेलं होतं. नाहीये. बहुतेक आहे, पण मधे मधे पॉलिएस्टर मिसळलेले तुकडे आहेत, टी-शर्टचं ताणलं जाणारं निटवेअर आहे, आणि एक तर सरळसरळ अस्तराचं गुळगुळीत कापड होतं. कारखान्यातून उरलेलं गोळा करताना कोण कुठला तुकडा कशाचा हे निवडत बसणार, मला कळतं, पण मग 'मुख्यतः कॉटन' लिहा ना. शंभर टक्के कशाला लिहायचं. मी मेसेज केला तर उत्तर आलं की 'मिक्स्ड म्हणजे मिक्स्डच मॅडम'. यावर काय बोलणार.

याने फरक काय पडतो तर पडतो. कॉटनच्या तापमानाला इस्त्री ठेवून पॉलिएस्टरवर टेकवली की तो चकाकतो, आकसतो, जास्त वेळ राहिली तर इस्त्रीच्या तळाला चिकटतो, आणि मग पुढच्या पांढऱ्या तुकड्यावर तो डाग. निटवेअर तर शेजारच्या न ताणल्या जाणाऱ्या कापडाबरोबर शिवलं की मशीनखाली लांबत जातं आणि ब्लॉकला लाटा येतात. तेव्हा पिशवी आली की आधी निवडणी करा. ताणून बघा, निटवेअर लगेच कळतं. पॉलिएस्टरची शंका आली तर दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा, स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाणी ठेवून, आणि पंख्याखाली नाही. कॉटन कागदासारखा वास मारत सरळ जळतो आणि राख बोटाने चुरली की भुकटी होते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, आणि शेवटी कडक मणी उरतो जो चुरत नाही. मिक्स कापडात दोन्हीचं थोडं थोडं दिसतं. मिक्स मी ठेवले, इस्त्री जरा कमी करून चालतात. निटवेअर आणि अस्तर बाजूला काढलं, ते उशीत भरायला जाईल.

धुण्याचं काय हा प्रश्न मला हमखास येतो. नवीन कापड आपण धुऊन घेतो, आकसायचं ते आकसू दे, रंग जायचा तो जाऊ दे, पण चिंध्या मशीनमधे टाकल्या तर बाहेर येताना अर्धं कापड धागे होऊन बाहेर येतं आणि सगळ्याचा एक गोळा. मी फक्त गडद लाल, निळे, काळे तेवढे बाजूला काढून भांड्यात कोमट पाण्यात भिजवले आणि प्रत्येकाच्या पाण्याचा रंग बघितला. एका लालने पाणी चांगलंच रंगवलं, त्याला दोन-तीन पाणी दिली, तरी जायचा थांबेना म्हणून तो फक्त गडद ब्लॉकमधे वापरला जिथे शेजारी फिकं काही नाही. बाकीचं न धुता शिवलं. सगळं झाल्यावर पहिल्या धुण्यात थोडंसं आकसून ज्या बारीक सुरकुत्या पडतात त्या मला गोधडीत आवडतात, ज्यांना नाही आवडत त्यांनी निदान वाफेची इस्त्री तरी भरपूर मारून घ्यावी.

मुंढ्याच्या तुकड्यांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण या पिशवीत तेच जास्त येतात आणि नवीन लोक तिथेच अडतात. वळणाची कड म्हणजे उरेबात, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी कापलेली कड, ती ताणली जाते, नुसतं हाताळलं तरी लांबते. सरळ पट्टीला ती लावली की शिवून झाल्यावर कड लाटांसारखी वरखाली. उपाय दोन-तीन आहेत. शिवायच्या आधी स्टार्च मारून कडक इस्त्री करा, अर्धं काम तिथेच होतं. शिवताना ताणली जाणारी बाजू खाली ठेवा, मशीनचे खालचे दात ती ढिली बाजू आपोआप थोडी थोडी गोळा करत नेतात, वर ठेवली तर उलट पुढे ढकलली जाऊन शेवटी जास्तीचं कापड उरतं. आणि ब्लॉकची बाहेरची कड तरी उभ्या-आडव्या धाग्यातल्या पट्टीची येऊ द्या, म्हणजे आतल्या उरेबला चौकट मिळते. एवढं केलं की हे तुकडे कटकट न राहता मजा द्यायला लागतात, कारण सरळ पट्ट्यांनी कितीही केलं तरी शेवटी ते जिन्यासारखं किंवा खिडकीसारखंच दिसतं, वळण आलं की ब्लॉक एकदम हलायला लागतो.

वळणाला वळण जोडायचं असेल तर टाचण्यांची सुद्धा गरज नाही. दोन तुकडे घ्या, दोन्हींची सुलट बाजू वर, थोडे एकावर एक चढवा, आणि चढलेल्या भागातून एक हलकंसं वळण कापा, दोन्ही थर एकदम. खालच्याची उरलेली कड आणि वरच्याची उरलेली कड एकमेकांना बरोबर बसतात. आता सुलटला सुलट ठेवून शिवताना मात्र ते अजिबात बसताना दिसत नाहीत, एक बाहेर वळतंय आणि एक आत, बघून घाबरायला होतं. एकेका इंचाने कडा जुळवत जायचं, सगळं आधी लावून बघायचा प्रयत्न करायचा नाही. वळण उथळ ठेवा. शिवणीत गेल्यावर ते अजून थोडं सपाट होतं हेही धरून चाला.

हत्यारांमधे खरं तर कात्री पुरते. रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर, असेल तर छानच, जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मधे तो बाजारात आणला आणि तेव्हापासून गोधडी करणाऱ्यांच्या टेबलावर तो बसलाय तो बसलाच. ४५ मिलिमीटरच्या पात्याचा या कामाला सगळ्यात सोयीचा, बारीक वळणांना २८ चा. पण खालची मॅट हवी आणि प्रत्येक वेळी खाली ठेवताना पातं झाकायची सवय हवी, ते पातं कापड आणि बोट यात फरक करत नाही. बिनपट्टीची सरळ रेघ कापून बघा एकदा, नजरेने कापलेली रेघ किंचित वाकडी येते आणि त्या वाकडेपणाने सगळा ब्लॉक एकाच हातचा असल्यासारखा दिसतो. जाणूनबुजून वाकडं कापायला गेलं की मात्र लगेच ओळखू येतं, नाटकी दिसतं. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

रंगाबद्दल एकच टीप देते, बाकी सगळं ज्याचं त्याने बघावं. फोनमधे फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले तर डोळ्याला खूप वेगळे वाटतात पण करड्यात बघितलं तर कधी कधी दोन्ही एकच निघतात, आणि मग लांबून तो सगळा भाग मातकट एकसारखा दिसतो. गडद-फिकं यातला फरक असला की रंग कुठलेही असोत, आकार वाचता येतो. या पिशवीत मधल्या छटांचे तुकडे मायंदाळ आणि अगदी गडद किंवा अगदी फिकं फार कमी, बहुतेक शर्टांच्या कापडाचा ढीग असावा. त्यामुळे मी घरात उरलेला एक काळा आणि एक जुन्या चादरीचा पांढरा त्यात मिसळला. तेवढ्याने पूर्ण ढिगात जीव आला. म्हणजे पिशवी घेणार असाल तर सोबत हे दोन प्लेन ठेवा.

पिशवीत कॉर्डरॉयचेही काही तुकडे निघाले, जाड धारीचे, आणि ते बघून मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं जीज बेंड आठवलं. इम्प्रोव्ह शिवणाऱ्याला ते नाव माहीत नसेल तर आवर्जून शोधा. नदीच्या वळणात अडकलेली कृष्णवर्णीय लोकांची छोटी वस्ती, तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या शेतातल्या कामाच्या जुन्या पँटी, शर्ट, पोती, जे असेल त्यातून गोधड्या करत आल्या, थंडी भागवायला, आणि प्रत्येकीची मांडणी आपली आपली. जवळच १९६६ मधे फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची बायकांची सहकारी संस्था सुरू झाली आणि १९७२ मधे तिला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. त्यातून जे उरलं ते बायकांनी घरी नेलं, आणि त्या कॉर्डरॉयच्या गोधड्या बघाल तर वेड लागेल, मोठाले चौकोन, रुंद पट्ट्या, बस. कॉर्डरॉय जाड, शिवताना सरकतं, बारीक नक्षी त्यात होत नाही, म्हणून आकार मोठे आणि साधे झाले. कापडाने जे करू दिलं ते केलं. पुढे २००२ मधे ह्यूस्टनच्या म्युझियममधे या गोधड्यांचं प्रदर्शन लागलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधे, आणि २००६ मधे अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. मेरी ली बेन्डॉल्फ, लॉरेटा पेटवे, ॲनी मे यंग ही नावं टाकून फोटो बघा. त्यांच्या 'हाउसटॉप' नावाच्या मांडणीत मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांची एकात एक घरं होत जातात, वर जो मी काजवाला ब्लॉक सांगितला तो त्याच कुळातला, फक्त माझा कलंडलेला.

त्यामुळे माझे कॉर्डरॉयचे तुकडे मी बारीक केले नाहीत, होते तसे मोठे वापरले, आणि एकाची धार उभी तर दुसऱ्याची आडवी ठेवली. एकच रंग असून उजेड पडला की दोन रंग दिसतात. ही गोष्ट फोटोत नीट येत नाही, हातात घेऊनच बघावी लागते.

शेवटी उरतात ते चण्याएवढे तुकडे आणि दोरे. ते फेकू नका, टाचण्यांची गादी भरायला भारी, फक्त गच्च भरावी लागते. ज्यांना बारीक पट्ट्या वाया घालवायच्या नाहीत त्यांनी पातळ कागद खाली धरून त्यावर पट्ट्या शिवाव्यात, तिरक्या तिरक्या, कागद कापडाला ताणू देत नाही, शिवून झालं की फाडून काढायचा. कागद फाडणं हे मात्र मला अतिशय कंटाळवाणं काम वाटतं, टीव्हीसमोर बसून करायचं, किंवा घरात कुणी रिकामं असेल तर त्याच्या हातात द्यायचं.

घ्यावी का मग? ज्यांच्या घरी आधीच शिवणकाम चालतं त्यांच्याकडे चिंध्यांची पिशवी असतेच, त्यांनी आधी ती उघडावी, विकत घ्यायची गरजच नाही, फार तर मैत्रिणीशी अर्ध्या अर्ध्या पिशवीची अदलाबदल करावी, म्हणजे परका रंग फुकटात मिळतो. नवीन शिकणाऱ्याला मात्र ही पिशवी मी डोळे झाकून सुचवेन, अगदी वर सांगितलेल्या भेसळीसकट, कारण नवीन अखंड कापड कापताना जी छातीत धडधड होते ती इथे होत नाही आणि मशीनवर हात बसायला शेकडो लहान लहान टिपा मारायला मिळतात. पॅटर्नवाल्यांनी घेऊ नये, हे वर बोललेच. पॉलिएस्टरचा अगदीच तिटकारा असेल तर एकाच प्रकारचं कापड वापरणाऱ्या, म्हणजे फक्त चादरी किंवा फक्त शर्ट शिवणाऱ्या युनिटच्या पिशव्या वेगळ्या मिळतात, त्या बघा, पण त्यात वैविध्य कमी असतं, सगळंच पांढरं नाहीतर सगळंच चेक्स.

मी अजून एक मागवलीये, दुसऱ्या विकणाऱ्याकडून. यावेळी ऑर्डरच्या नोटमधे लिहिलंय की निटवेअर नको, गडद प्लेन जास्त टाका, आणि काठाच्या पट्ट्या कुणाला नको असतील तर सगळ्या माझ्या पिशवीत भरा. नोट वाचतात का बघू.